नाणं कडेने धरावं

तांब्याच्या कोऱ्या नाण्यावर बोट टेकलं तर त्या क्षणी काहीच होत नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. डाग दिसत नाही, रंग बदलत नाही, नाणं मघाइतकंच लालबुंद चमकत असतं. आपण निर्धास्त होऊन ते डबीत ठेवून देतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी डबी उघडावी, तर त्या लाल पृष्ठभागावर तपकिरी रेषांचा एक भोवरा उमटलेला असतो. शंख आहे की चक्र तेही सांगता यावं इतका स्पष्ट. हात कोणी लावला हे पुराव्यानिशी सिद्ध करता येतं. पुसता मात्र येत नाही.

इंग्लंडमध्ये याच गोष्टीचा पोलिसांना उपयोग झाला. नॉर्थहॅम्प्टनशायर पोलिसांत काम करणारे शास्त्रज्ञ जॉन बाँड यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की पितळी काडतुसावरचा बोटाचा ठसा पुसून टाकला तरी तो पुरता जात नाही. घामातल्या क्षारांनी त्या रेषांपुरता धातू गंजलेला असतो. ठसा धातूवर उरत नाही, पण धातूत शिरलेला असतो. काडतुसाला मोठा विद्युतदाब देऊन त्यावर बारीक पूड सोडली की ती नेमकी गंजलेल्या रेषांना धरून बसते आणि पुसलेला ठसा परत दिसू लागतो. तपास करणाऱ्यांना ही बातमी आनंदाची वाटली असणार. नाणी जमवणाऱ्यांना ती जुनीच होती, आणि आनंदाची अजिबात नव्हती.

बोटांवर असतं तरी काय एवढं? गंमत म्हणजे बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथी नसतातच. अंगभर असतात, पण तळहात आणि तळपाय त्यातून सुटले आहेत. तिथे असतात त्या घामाच्या ग्रंथी, आणि त्या मात्र दाटीवाटीने. घाम म्हणजे जवळपास नव्याण्णव टक्के पाणी. उरलेल्यात मीठ, लॅक्टिक आम्ल, युरिया, अमिनो आम्लं. मग बोटं तेलकट कशी होतात? कपाळावरून, नाकावरून, केसांतून. आपण दिवसभरात किती वेळा तोंडावरून हात फिरवतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाचं नाक तर हटकून खाजतं. म्हणून नाण्यांना हात लावण्याआधी हात धुवावेत हा नियम अर्धाच आहे. धुवावेत, कोरडे करावेत आणि मग नाणी परत ठेवेपर्यंत तोंडापर्यंत नेऊ नयेत. हा तिसरा भाग कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेला मी पाहिला नाही, आणि सगळ्यात अवघड तोच आहे.

सगळ्यांचे हात सारखे नसतात हेही खरं. धातुकाम करणाऱ्या कारखान्यांत हे जुनं निरीक्षण आहे: काही कामगारांनी हाताळलेले सुटे भाग बाकीच्यांच्या मानाने फार लवकर गंजतात. त्यात त्यांचा दोष काही नाही, घामच तसा. आपला हात कोणत्या जातीचा हे पाहायचं तर तांब्याचं एखादं किरकोळ नाणं घासून लख्ख करावं, त्यावर अंगठा दाबावा आणि ते महिनाभर बाजूला ठेवून द्यावं. त्या नाण्याचं काही बिघडत नाही आणि आपल्याला आपली ओळख पटते.

नाणी मोजून झाल्यावर हाताला एक विशिष्ट वास येतो. आपण त्याला धातूचा वास म्हणतो. डीटमार ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोखंडावर प्रयोग करून या वासाचा छडा लावला. लोखंडाला हात लावल्यावर जो ‘लोखंडी’ वास येतो त्यात लोखंडाचा अंशही नसतो. धातूशी गाठ पडल्यावर त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांचं विघटन होतं आणि १-ऑक्टेन-३-ओन नावाचा पदार्थ तयार होतो, त्याचा तो वास. वास आपलाच असतो, नाव मात्र धातूचं होतं. हे कळल्यापासून मी हाताचा वास घेते तेव्हा मला तो एखाद्या पावतीसारखा वाटतो: इथे काहीतरी देवघेव झाली आहे.

ही देवघेव सगळ्या धातूंशी एकाच दराने होत नाही. तांबं सगळ्यात हळवं. जुन्या तांब्याच्या नाण्यांचे जाणकार त्यांची प्रतवारी करताना झीज बघतातच, शिवाय रंगही बघतात: लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी. टांकसाळीतून निघतानाची लाली शाबूत असलेलं शंभर वर्षांपूर्वीचं नाणं आणि त्याच साच्यातलं, तितकंच तीक्ष्ण पण तपकिरी पडलेलं नाणं यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडू शकतो. हा प्रवास एकाच दिशेचा आहे. लाल नाणं तपकिरी होतं. तपकिरी नाणं परत लाल होत नाही, केलं तर ते कृत्रिम दिसतं आणि ओळखू येतं.

चांदीचं वैर गंधकाशी. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने ती हळूहळू पिवळी, मग तांबूस, निळी आणि शेवटी काळी पडते. हा थर सावकाश आणि सारखा चढला तर तो देखणा असतो आणि त्याला वर पैसे पडतात. पण मध्येच कुणाचा अंगठा पडलेला असेल तर तेवढ्या जागी रंग वेगळा चढतो आणि इंद्रधनुष्यात एक मनुष्य उभा राहतो.

सोनं त्या मानाने निर्लेप. घामाला ते दाद देत नाही. ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज १८५७ मध्ये अटलांटिकमध्ये बुडालं, त्यातली सोन्याची नाणी १९८० च्या दशकाच्या शेवटी वर काढायला सुरुवात झाली, आणि सव्वाशेहून अधिक वर्षं समुद्राच्या तळाशी पडून त्यातली कितीतरी काल पाडल्यासारखी निघाली. वर बसलेली पुटं रसायनांनी अलगद सोडवली, घासली नाहीत, म्हणून हे जमलं. सोन्याची अडचण वेगळी आहे: ते मऊ असतं. खनिजांच्या काठिण्याची मोहस् मोजपट्टी घेतली तर शुद्ध सोनं अडीचच्या आसपास येतं, आणि आपलं नखही साधारण तिथेच. उलट हवेतल्या धुळीत वाळूचे जे सूक्ष्म कण असतात, ते क्वार्ट्‌झचे, त्यांचं काठिण्य सात. म्हणजे सोन्याच्या नाण्यावरून कोरडं बोट सहज फिरवलं तर त्याला बोट काही करत नाही. बोटाखालचा कण करतो.

इथे मला एक मुद्दा जरा ताणून मांडायचा आहे. नाण्यांच्या बाबतीत सगळा दोष उघड्या हाताला दिला जातो. माझ्या मते खरा गुन्हेगार हात नव्हे, रुमाल आहे. हात लागला म्हणून खराब झालेल्या नाण्यांपेक्षा हात लागला म्हणून पुसलेली नाणी कितीतरी जास्त असतील, आणि त्यांची अवस्था जास्त वाईट असते.

याचं कारण कोऱ्या नाण्याची चमक कशी तयार होते त्यात आहे. दोन ठशांमध्ये, म्हणजे नाण्याची चित्रं कोरलेल्या साच्यांमध्ये, धातूची चकती दाबली जाते तेव्हा क्षणभर धातू वाहतो, मध्यापासून कडेकडे. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहून जातात. नाणं दिव्याखाली धरून हलकेच फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचे दोन पट्टे गोल फिरताना दिसतात. कोऱ्या नाण्याची खूण तीच. या रेषांची उंची इतकी कमी असते की मऊ सुती कापडाने एकदा जोर देऊन पुसलं तरी त्यांची टोकं बसतात. नाणं तेव्हा आधीपेक्षा जास्त चकचकीत दिसतं, म्हणूनच लोकांना वाटतं काम फत्ते झालं. पण पट्टा फिरत नाही. प्रकाश एका जागी थिजल्यासारखा राहतो, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या ओरखड्यांचं जंगल दिसतं. कागदी टिश्यू तर त्याहून वाईट, तो लाकडाच्या तंतूंचा असतो.

मग चुकून बोट टेकलंच तर? लगेच लक्षात आलं तर उपाय आहे. काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोन घ्यावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आसपास ज्योत नसावी, आणि नाणं त्यात बुडवून काढावं. तेल त्यात विरघळतं. मीठ नाही विरघळत, त्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात वेगळं बुडवावं आणि शेवटी पुन्हा अ‍ॅसिटोन, म्हणजे पाणी मागे राहत नाही. मग नाणं उभं कलतं ठेवून आपोआप वाळू द्यावं. घासायचं काहीच नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण म्हणजे अ‍ॅसिटोनच असं समजून ते वापरू नये, त्यात सुगंध आणि तेलं घातलेली असतात. आणि ठसा एकदा तपकिरी होऊन वर आला, की यातलं काहीही करून उपयोग नाही. तेव्हा तो डाग उरत नाही, ती झीज असते.

नाणी कशी हाताळायची हे मी ज्यांच्याकडून शिकले ते एक वयस्कर संग्राहक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडे नाणं बघायला बसलं की पहिली पाच मिनिटं नाणं दिसायचंच नाही. टेबलावर जाड मऊ कापड, त्याच्यावर दुहेरी घडी. दिवा डाव्या बाजूला. हात टेबलाच्या वर, पण कापडापासून बोटभरापेक्षा उंच नाही. मी एकदा नाणं उचलून उत्साहाने काहीतरी विचारायला लागले, तर ते म्हणाले, “अगं, आधी बोलून घे, मग उचल.”

मला वाटलं एकाग्रतेबद्दल बोलताहेत.

“थुंकी उडते बोलताना,” ते म्हणाले. “दिसत नाही. वर्षभराने काळे ठिपके दिसतात.”

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं, नाण्यांची सवय असलेली माणसं नाणं हातात असताना गप्प असतात. पाहणाऱ्याला तो आदर वाटतो. असेलही, पण त्यात रसायनशास्त्राचा वाटा मोठा आहे.

काकांचं नाणं उचलणं बघण्यासारखं असायचं. खाचेतून नाणं काढताना ते चिमटीत पकडायचे नाहीत, कारण चिमटीत नखं आधी पुढे येतात. तबकच हळूच तिरकं करायचे, नाणं आपणहून घसरून कडेला टेकायचं, आणि मग अंगठा आणि तर्जनी समोरासमोर कडेवर. मधलं बोट आधाराला, तेही कडेलाच. पुढची बाजू बघून झाली की मनगट फिरवायचं नाही. दोन बोटांच्या टोकांमध्ये नाणं त्याच्या अक्षावर गिरकी घेतं आणि मागची बाजू समोर येते. असं फिरवताना आणखी एक गोष्ट कळते: पुढच्या आणि मागच्या ठशांचा एकमेकांशी कोन काय आहे. प्राचीन नाण्यांत हा कोन टांकसाळीची किंवा काळाची खूण असू शकतो. फोटोत दोन्ही बाजू सरळ उभ्या करून छापतात, त्यामुळे ही माहिती तिथे नाहीशीच होते.

मोजे का घालत नव्हते काका? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, कारण चित्रपटांत दुर्मीळ वस्तूजवळ जाणारा प्रत्येक माणूस पांढरे सुती हातमोजे घालतो. सुती मोज्यांबद्दल माझं मत काकांसारखंच झालं आहे: बहुतेक वेळा ते नाण्याला हातापेक्षा जास्त धोकादायक. त्यात पकड राहत नाही, कड बोटांना जाणवत नाही, नाणं निसटतं. घाम सुतातून आरपार येतो. धुळीचा कण धाग्यात अडकून बसतो आणि मोजाच घासणीचं काम करू लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोजा घातलेला माणूस निर्धास्त होतो. उघड्या बोटाने जो कधी राजाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवणार नाही, तो मोजा घालून खुशाल ठेवतो. अनेक संग्रहालयांच्या अभ्यासिकांत प्राचीन नाणी अभ्यासकांना धुतलेल्या कोरड्या उघड्या हातांनीच, कडेने धरू देतात, ते यासाठीच.

अपवाद आहेत. आरशासारखा पृष्ठभाग असलेली प्रूफ नाणी, शुद्ध सोन्याची किंवा शुद्ध चांदीची नवी नाणी, कोरं लाल तांबं, यांना मी बिनपावडरचे नायट्राइल रबराचे घट्ट मोजे घालते. त्यात निदान बोटांना कड कळते. तेव्हाही धरायचं कडेनेच.

आणि पडण्याचं भय खोटं नाही. मातीत दोन हजार वर्षं काढलेल्या चांदीचं आतलं स्फटिकीभवन झालेलं असू शकतं. वरून धडधाकट दिसणारं नाणं आतून ठिसूळ असतं. ते फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, दोन तुकडे होतात. खाली जाड कापड का, याचं उत्तर एकदा तुटलेल्या नाण्याच्या दाणेदार कडा पाहिल्या की पुन्हा विचारावं लागत नाही. मातीतून निघालेल्या ब्राँझच्या नाण्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्या अंगात क्लोराइड मुरलेलं असतं, दमट हवा मिळाली की ते जागं होतं आणि फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके वर येऊ लागतात. ठिपका खरवडला तर खाली खड्डा निघतो. अशा नाण्याला घामाचं मीठ म्हणजे बाहेरून रसद. पण इतर बाबतींत हीच जुनी ब्राँझ नाणी हाताला सगळ्यात सोशीक असतात. त्यांच्यावर शतकांनी चढवलेला कठीण हिरवा किंवा काळपट थर असतो, तो घट्ट बसलेला असेल तर स्वच्छ बोटाचा स्पर्श त्याला काहीच करत नाही.

कडेने धरायचं, पण कडही काही बिनकामाची जागा नाही. नाणी हातोड्याने पाडली जायची तोवर त्यांना नीट कड नव्हतीच, आणि त्याचा फायदा लोक यथेच्छ घेत. कात्रीने चांदीची एक बारीक कातळी उतरवायची आणि नाणं पूर्ण किमतीला पुढे सरकवायचं. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्रावर पाडलेल्या मोठ्या चांदीच्या नाण्यांच्या कडेवर लॅटिन अक्षरं येऊ लागली. अक्षर तुटलं की चोरी उघडी पडणार. कडेच्या या युक्तीचं श्रेय आयझॅक न्यूटनला देऊन टाकायची पद्धत आहे, पण तो टांकसाळीत आला १६९६ मध्ये, त्या वेळी अक्षरं चांगली तीसेक वर्षं जुनी होती. त्याने नाणी कातरणाऱ्यांचा आणि खोटी पाडणाऱ्यांचा पिच्छा पुरवला, हे मात्र खरं. मला यातली उलटापालट आवडते. लोकांच्या बोटांपासून नाणं वाचवायला कड घडवली, आणि आता नाण्याचा चेहरा वाचवायचा तर बोटं ठेवायला तीच एक जागा उरली.

तर मग हात लावायचाच कशाला? काचेआडून बघावं, उत्तम फोटो मिळतात, ते मोठे करून बघावेत. पुष्कळ लोक हेच करतात आणि त्यांचं काही अडत नाही. पण नाण्याबद्दलच्या काही गोष्टी डोळ्यांना कळतच नाहीत. अथेन्सचं घुबडाचं चार द्राख्मांचं नाणं फोटोत मोठ्ठं दिसतं. हातात घेतलं की कळतं, ते रुंदीला बेताचं आहे, पण जाड आहे, आणि सतरा ग्रॅमची चांदी एवढ्याशा जागेत दाबून बसवली की ती बोटांना खाली ओढते. अथेना देवीचा चेहरा इतका वर उचललेला असतो की नाणं कडेने धरूनही त्याच्या उंचीचा अंदाज येतो. बनावट नाणं पुष्कळदा इथेच सापडतं. साच्यात ओतून केलेल्या नकलेचा पृष्ठभाग साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा गुळगुळीत लागतो, वजन दीड-दोन ग्रॅमने चुकतं, कडेवर कुठेतरी जोड घासून काढलेला असतो. तराजू आणि भिंग नंतर येतात. पहिली शंका बोटांना येते.

आणि बोटांना फसवायचं कसं हेही लोकांना ठाऊक होतं. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा ठसे कोरणारा एक जर्मन कारागीर १७७२ ते १८३० या काळात होऊन गेला. प्राचीन नाण्यांच्या नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो ओतकाम करत नसे, पोलादी ठसे कोरून नाणी पाडत असे, त्यामुळे ती ताजी आणि तीक्ष्ण यायची. ताजेपणा हीच अडचण. म्हणून तो लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या डब्यात ती घालायचा, डबा आपल्या घोडागाडीला खाली बांधायचा आणि फिरायला निघायचा. खडबडीत रस्ता शेकडो माणसांच्या हातांचं काम एका दुपारी उरकायचा. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना फिरवून आणतो, असं तो म्हणायचा म्हणे. बेकरच्या नकला आज स्वतःच संग्रहणीय आहेत, ते सोडा. मला त्यात रस आहे तो एवढाच, की त्याला विकायचं होतं नाणं, आणि बनवावा लागत होता स्पर्श.

आजच्या बाजारात उलटं झालं आहे. जितका स्पर्श कमी तितका भाव जास्त. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी एक मोजपट्टी मांडली. ती पुढे जवळजवळ सगळ्याच नाण्यांना लावली जाऊ लागली. १ म्हणजे कोणतं नाणं एवढं जेमतेम ओळखू येणारं. ७० म्हणजे पाच पट मोठं करूनही दोष न दिसणारं. नीट पाहिलं तर ५८ पर्यंतचे सगळे आकडे माणसांच्या हातांचा हिशेब आहेत. साठपासून पुढे वापराची झीज नसते, तिथे टांकसाळीतल्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा मोजतात. या मोजपट्टीच्या जनकाचा स्वतःचा हात मात्र फारसा स्वच्छ नव्हता: अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट नाणी काढून तिथे आपली कमी प्रतीची ठेवण्याचा उद्योग त्यांनी केला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. धुतलेले हात काही सगळ्याच बाबतीत पुरत नाहीत.

या मोजपट्टीवरचा माझा आवडता आकडा ५५ आहे, आणि तो एका नाण्यामुळे. अमेरिकेचं १९१३ सालचं लिबर्टी छापाचं पाच सेंटचं निकेल अधिकृतपणे पाडायचंच नव्हतं. तरी पाच पाडली गेली आणि पाचही माहीत आहेत. चार जपून राहिली. पाचवं जे. व्ही. मॅकडर्मॉट या नाणेविक्रेत्याकडे आलं, आणि हा गृहस्थ ते खिशात घेऊन हिंडायचा. बारमध्ये बसला की काढून दाखवायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा, ते हातोहात फिरून परत यायचं. नाण्याची मूळची चकाकी उतरली. पाचांपैकी वापराच्या खुणा असलेलं हे एकटंच. पुढे ते बीबी दांपत्याकडे गेलं, त्यांनी १९८९ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनला देऊन टाकलं, आणि आता ते कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या त्यांच्या संग्रहालयात आहे. प्रतवारीत ५५, भावंडांच्या मागे. पण पाचांतलं कोणतं एक हातात घ्यायला आवडेल असं मला विचारलं तर मी क्षणाचाही विचार करणार नाही. इतर चार नाणी जपून ठेवलेली होती. हे लोकांत राहून आलं आहे.

स्पर्शानेच नाण्याला किंमत आली असंही घडलेलं आहे. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांनी हात लावला की गंडमाळा, म्हणजे मानेवर गाठी येण्याचा रोग, बरी होते, अशी समजूत शतकानुशतकं होती. इंग्लंडचा राजा रोग्याला स्पर्श करायचा आणि त्याच्या गळ्यात एक भोक पाडलेलं सोन्याचं नाणं घालायचा. पुढे त्यासाठी खास पदकंच पाडू लागले. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन १७१२ मध्ये अडीच वर्षांचा असताना राणी अ‍ॅनने त्याला असा हात लावला. रोग काही गेला नाही. पदक मात्र जॉन्सनने आयुष्यभर जवळ बाळगलं, आणि ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्रतवारीच्या भाषेत भोक म्हणजे नुकसान, गळ्यात घालून आलेली झीज म्हणजे नुकसान. तो हिशेब त्या पदकाला लावून बघावा, म्हणजे मोजपट्टी कुठे थांबते ते समजतं.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रतवारी कंपन्या सुरू झाल्या, आणि नाणी पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, जाऊन बसू लागली. मी स्लॅबच्या विरोधात नाही. त्याच्या आधी काय होतं हे आठवावं: मऊ पीव्हीसीची पाकिटं, ज्यांतून काही वर्षांनी हिरवा चिकट द्रव सुटून नाण्याला खायचा; लाकडी खणांची सुंदर कपाटं, ज्यांचे खण उघडताना आणि मिटताना नाणी जागच्या जागी घसरून त्यांचे उंचवटे झिजायचे. त्या मानाने स्लॅब हा उपकार आहे. पण त्यात वजन कळत नाही, आवाज नाही, आणि साध्या स्लॅबमध्ये कडही झाकली जाते. ही तक्रार माझ्या एकटीची नसावी, कारण नंतर नाणं तीन-चार बारीक दात्यांवर तोलून धरणारे, कड दिसू देणारे स्लॅब निघाले. ती अक्षरं वाचता येतात आता. ज्या दोन बोटांसाठी कड सोडलेली असते ती बोटं मात्र प्लास्टिकवर येऊन थांबतात.

माझ्याकडे नाणी बघायला कोणी आलं तर मी क्रम ठरवून टाकला आहे. आधी हात धुणं, त्यात सूट नाही. मग कापड, दिवा. पहिलं नाणं झिजलेलं ब्राँझचं देते, चेहऱ्याचं नाक उडालेलं, लेख अर्धा गेलेला. ते कसंही धरलं तरी चालतं, मुठीत घेतलं तरी चालतं, आणि लोक घेतातच. त्यांची मूठ उघडली की मगच मी कडेने धरायचं कसं ते दाखवते. त्यानंतर चांदी. कोरं तांबं मी स्वतः धरून दाखवते, आणि प्रश्न असतील तर ते आधी विचारून घ्यायला सांगते.